‘आफ्स्ख्रैव्हिंग’ला इंग्रजीत काय म्हणावे?

या डच शब्दासाठी सहसा ‘डेप्रिसिएशन’, म्हणजे घसारा, सुचवले जाते, आणि कंपनीच्या हिशोबात ते बहुतेक वेळा चालते. पण नेदरलँड्समधील बँकेच्या खातेउताऱ्यावर हाच शब्द खात्यातून वजा झालेल्या रकमेसाठी येतो. घरभाड्याचे ८५० युरो गेले, तर त्या ओळीला घसारा म्हणणे सरळ चूक ठरेल. तेथे ‘डेबिट’च हवे आणि जमा रकमेच्या ‘बैस्ख्रैव्हिंग’ला ‘क्रेडिट’. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी कागद बँकेचा आहे की कंपनीचा, हे पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कंपनीच्या हिशोबातही एकाच प्रतिशब्दावर भागत नाही. यंत्रे व इमारती यांच्यासाठी इंग्रजीत ‘डेप्रिसिएशन’ आणि पेटंट, सॉफ्टवेअर परवाने अशा अमूर्त मालमत्तेसाठी ‘अमॉर्टायझेशन’ असा भेद केला जातो. डचमध्ये मात्र दोन्हींना ‘आफ्स्ख्रैव्हिंग’च म्हणतात. त्यामुळे नफा-तोटा पत्रकातील एकत्रित ओळीचा अनुवाद करताना सोबतच्या टिपा वाचून, दोन्ही प्रकार असतील तर दोन्ही इंग्रजी शब्द लिहावेत. येणे बुडीत धरून काढून टाकले असेल, तर ‘राइट-ऑफ’ योग्य. त्यासाठी डचमध्ये ‘आफ्बूकिंग’ हा शब्दही आढळतो.

‘अकाउंटंट’ तर दिसायला इंग्रजीच, आणि म्हणूनच अधिक फसवा. नेदरलँड्समध्ये ही पदवी कायद्याने संरक्षित आहे. रोजच्या नोंदी ठेवणाऱ्याला तेथे ‘बूकहाउडर’ म्हणतात. लेखापरीक्षा अहवालावर सही करणारा डच ‘अकाउंटंट’ इंग्रजीत ‘ऑडिटर’ होतो.

आकड्यांत ‘मिल्यार्ट’ म्हणजे इंग्रजी ‘बिलियन’, आपले १०० कोटी. ‘बिल्यून’ म्हणजे ‘ट्रिलियन’, म्हणजेच १ लाख कोटी. शिवाय डच लेखनातील १.२५०,०० हा आकडा इंग्रजीत १,२५०.०० असा लिहावा लागतो. तक्ता जसाच्या तसा उतरवला, तर साडेबाराशे युरोंचे सव्वा युरो वाचले जाण्याचा धोका आहे.

‘यार-रेकनिंग’साठी, म्हणजे कंपनीच्या वार्षिक हिशोबपत्रकांसाठी, ‘ॲन्युअल अकाउंट्स’ आणि ‘फायनान्शियल स्टेटमेंट्स’ हे दोन्ही पर्याय मला मान्य आहेत. ब्रिटिश वाचकासाठी मी पहिला घेईन, अमेरिकी वाचकासाठी दुसरा. मात्र एका दस्तऐवजात दोन्हींची सरमिसळ करू नये.