काराव्हाजोच्या चित्रातला मत्तय कोणता? दाढीवाला, की मान खाली घातलेला पोरगा?

आडवाट (धागाकर्ती)

मे महिन्यात रोमला जाणं झालं. पिआत्सा नव्होनापासून जवळच सान लुईजी देई फ्रांचेझी हे फ्रेंच लोकांचं चर्च आहे. डावीकडच्या रांगेतलं शेवटचं चॅपल (चर्चमधली छोटी प्रार्थनेची जागा) म्हणजे कोंतारेल्ली चॅपल. आत अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो. त्या उजेडात डाव्या भिंतीवर इटालियन चित्रकार काराव्हाजोचं 'संत मत्तयाला बोलावणं' दिसतं. १५९९-१६०० मधलं, सव्वातीन मीटरच्या आसपास उंच आणि त्याहून थोडं रुंद. मी तीन वेळा नाणं टाकलं.

बायबलमधली गोष्ट अगदी एवढीशी आहे. येशू रस्त्याने जात असतो, जकातीच्या नाक्यावर बसलेला मत्तय त्याला दिसतो, 'माझ्यामागे ये' म्हणतो आणि मत्तय उठून चालू लागतो. 'जकातीचा नाका' हे मराठी बायबलमधलेच शब्द. ते वाचले की आपल्याला ट्रकची रांग आणि खिडकीतला माणूस दिसतो, आणि ते योग्यच आहे. रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा हा माणूस स्वतःच्याच लोकांत बदनाम होता.

चित्रात उजवीकडून येशू आणि त्याचा शिष्य पेत्र आले आहेत, दोघेही अनवाणी. डावीकडे टेबलाभोवती पाच जण, १६०० सालच्या भपकेबाज कपड्यांत. येशूने हात पुढे केलाय. मधला दाढीवाला बोट दाखवतोय. टेबलाच्या टोकाला एक तरुण मान खाली घालून नाणी मोजतोय आणि त्याच्यावर वाकलेला म्हातारा चष्म्यातून तीच नाणी बघतोय.

दाढीवाला मत्तय आहे आणि तो 'कोण, मी?' असं विचारतोय, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. चित्रासमोर उभी राहिले तेव्हा मला हे पटेना. त्याचं बोट स्वतःच्या छातीकडे वळलेलं नाही, ते शेजारच्या पोराकडे गेलंय. तो 'हा का?' असं विचारतोय. मत्तय तो पोरगा आहे, ज्याला हाक अजून ऐकूच आलेली नाही. पुढच्या क्षणी तो मान वर करणार आहे. चित्र त्याच्या आधीच्या क्षणावर थांबलंय आणि सगळी ताकद त्या थांबण्यात आहे.

हा शोध माझा नाही. १९८० च्या दशकापासून काही कला-इतिहासकार हेच म्हणत आले आहेत. तुमचं मत सांगा, पण कारणासकट.

रंगपेटी

ताई, लिहिलंय छान, पण मला साफ अमान्य आहे. तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक तर लेखी पुरावा आहे. बेल्लोरी या रोमच्या लेखकाने १६७२ मध्ये काराव्हाजोचं चरित्र छापलं. त्यात हे चित्र वर्णन केलंय: नाणी मोजणं थांबवून, एक हात छातीशी नेत संत प्रभूकडे वळतो. नाणी ओढून घेणाऱ्या तरुणाचा त्याने वेगळा उल्लेख केलाय. म्हणजे पोरगा त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. त्याने त्याला पाहिलं, आणि मत्तय म्हटलं नाही.

दुसरं म्हणजे हे चित्र एकटं नाही. समोरच्या भिंतीवर मत्तयाचा वध आहे, मधल्या वेदीवर देवदूत आणि मत्तय. दोन्हीकडे मत्तय दाढीवाला. माणूस चॅपलमध्ये शिरला की तीन भिंतींवर एकच गोष्ट वाचतो. पहिल्याच पानावर नायकाचा चेहरा कोण बदलेल?

आणि उजेड बघा. चित्रातल्या खिडकीतून काहीच येत नाही, तिची तावदानं मळकट आहेत. उजेड येतो तो येशूच्या डोक्यावरून, तिरपा, आणि सरळ दाढीवाल्याच्या तोंडावर पडतो. पोराचा चेहरा खाली, केस पुढे आलेले. ज्याला बोलावलं त्याचा चेहरा चित्रकार लपवेल का?

निवृत्तरोखपाल

चित्रातलं मला कळत नाही. मात्र सदतीस वर्षं बँकेत रोख मोजली, तेवढ्या अधिकाराने बोलतो.

मोजणाऱ्याला हाक मारली तर तो मान वर करत नाही. केली की आकडा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काउंटरवर बायको डबा घेऊन उभी राहिली तरी मी गड्डी संपेपर्यंत वर बघत नसे. त्या पोराची मान मला ओळखीची वाटली. त्याला ऐकू आलेलं नाही असं नाही हो, ऐकू येतं. आकडा सोडवत नाही.

आणखी एक. देणारा घरून मोजून आणतो, समोर मोजतो तो घेणारा. म्हणून पोरगा जकात घेणारा. माझं मत आडवाट ताईंना.

रंगपेटी

काका, तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण तोच मी माझ्या बाजूने वापरतो. तुमच्या बँकेत रोख कोण मोजत होतं, तुम्ही की मॅनेजर? नाक्याचा प्रमुख मधोमध बसतो. कारकून टोकाला बसून मोजतो, जुना जाणता माणूस चष्मा लावून तपासतो, दोन तरणे रुबाब दाखवायला असतात आणि त्यातल्या एकाच्या कमरेला तलवार आहे. हे पूर्ण कार्यालय आहे.

वसईकर

रंगपेटी सरांच्या बाजूने एक भर. लूकच्या शुभवर्तमानात याच माणसाला लेवी म्हटलंय आणि हाक ऐकल्यावर त्याने आपल्या घरी येशूसाठी मोठी मेजवानी दिली असं तिथे लिहिलंय. मेजवानी देणारा माणूस घरदार असलेला, ऐपतीचा असणार. टेबलाच्या टोकाशी बसलेलं पोरगं कसं असेल?

तरीही माझं मन दुसरीकडे ओढतं. २०१३ च्या मुलाखतीत पोप फ्रान्सिस यांनी या चित्राबद्दल सांगितलं होतं. पोप होण्याआधी रोमला आले की ते हे बघायला जात. मत्तय आपले पैसे धरून बसलाय, 'मी नाही, हे पैसे माझे' असं जणू म्हणतोय, आणि तो मत्तय म्हणजे मीच, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पैसे धरून कोण बसलंय? दाढीवाला तर बोट दाखवतोय. आमच्या पॅरिशमध्ये यावर मिस्सानंतर अर्धा तास वाद झाला होता.

पेत्राबद्दलही लिहितो, कारण त्याच्याकडे कुणी बघत नाही. क्ष-किरण तपासणीत कळलं की पेत्र चित्रात मागाहून घातलाय. तो येशूच्या अंगापुढे उभा आहे, येशूचा चेहरा आणि हातच काय तो उरलाय. पेत्र येशूचीच खूण करतोय, पण ओबडधोबड, म्हाताऱ्या हाताने. पेत्र म्हणजे चर्च. देवाची हाक माणसाला थेट येते की चर्चमार्फत, यावरून त्या काळात अर्धा युरोप दुसऱ्या अर्ध्याशी भांडत होता. कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद १५६३ मध्ये संपली, तिचं उत्तर त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्याच्या हातात आहे. मला तो हात येशूच्या हाताइतकाच आवडतो.

आडवाट (धागाकर्ती)

वसईकर, पेत्राबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं.

येशूचा हात मात्र नीट बघायला हवा. तो ताठ हुकूम सोडणारा हात नाही. मनगट सैल, बोटं किंचित लोंबती. सिस्टीन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोने आदामाला, बायबलमधल्या पहिल्या माणसाला, जो हात दिला, तो हा. देवाचा नव्हे, आदामाचा! बायबलमधला प्रेषित पौल येशूला शेवटचा आदाम म्हणतो, ते इथे एका मनगटात आलंय. काराव्हाजोचं खरं नाव मिकेलांजेलो मेरीसी. आपल्याच नावाच्या थोर माणसाकडून त्याने हा हात घेतला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता सर, तुमचा कार्यालयाचा मुद्दा. ज्यांच्या नावाचं हे चॅपल आहे ते कार्डिनल मात्तेओ कोंतारेल्ली मरण्याआधी लेखी सूचना ठेवून गेले होते: जकातीची खोली, टेबल, वह्या, पैसे, आणि मत्तय टेबलावरून उठून येशूकडे येतोय असं दाखवावं. काराव्हाजोच्या चित्रात कुणीच उठलेलं नाही. दाढीवालासुद्धा नाही. म्हणजे सूचना त्याने मोडलीच आहे. एकदा उठणं काढून टाकलं, तर जो उठण्यापासून सर्वांत लांब आहे तोच मत्तय असणार.

तीन भिंतींवर एकच चेहरा हवा, हेही पटत नाही. वधाच्या चित्रातला मत्तय म्हातारा आहे. मधे आयुष्य गेलंय. पोराला दाढी येते.

कोपरा

मला वाटतं चित्रकाराने मुद्दाम मोघम ठेवलंय. दोन्ही बरोबर. वाद कशाला?

रंगपेटी

नाही, कोपरा. 'दोन्ही बरोबर' म्हटलं की बघणं थांबतं. १६०० हे रोमचं ज्युबिली वर्ष, म्हणजे कॅथलिकांचं पवित्र यात्रावर्ष होतं, देशोदेशीचे यात्रेकरू शहरात लोटले होते आणि त्यातल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं. वेदीशेजारच्या भिंतीवर त्यांच्यासाठी कोडं टांगलंय, हे मी मानणार नाही. चित्रकाराच्या मनात एकच मत्तय होता. आपल्याला तो सापडत नसेल तर आणखी बघायचं.

आडवाट, पोराला दाढी येते हे उत्तर चांगलं आहे, त्यावर मी दोन दिवस विचार केला. मग आरशासमोर उभा राहून 'कोण, मी?' म्हणून पाहिलं. पाच वेळा. पाचही वेळा माझं बोट छातीला टेकलं नाही, हवेत तिरपं राहिलं आणि खांद्यावरून बाहेर गेलं. बायकोलाही करायला लावलं, तिचंही तसंच. तुम्हीही करून बघा. माणूस दचकलेला असताना बोट नेमकं लागत नाही.

निवृत्तरोखपाल

करून पाहिलं. माझं छातीला लागलं.

आडवाट (धागाकर्ती)

माझं अर्धं लागलं, अर्धं नाही. तेवढा मुद्दा तुमचा, सर. बेल्लोरीचं माझ्याकडे उत्तर नाही, हेही मान्य करते. पण तो सत्तर वर्षांनी लिहीत होता आणि काराव्हाजो १६१० मध्येच गेला होता, त्याला विचारायची सोय नव्हती.

तिथे उभं राहून कळलेली एक गोष्ट सांगायची राहिली, फोटोत ती कळत नाही. चॅपलच्या आत जाऊ देत नाहीत. आपण कठड्याशी, चर्चच्या बाजूला उभे असतो आणि चित्र डाव्या भिंतीवर, कडेने दिसतं. वेदी आणि तिच्यावरची खरी खिडकी समोर. म्हणजे येशू वेदीच्या बाजूने, खऱ्या खिडकीच्या दिशेने आत येतो आणि चित्रात आपल्यापासून सगळ्यांत लांब असतो. आपल्याला सगळ्यांत जवळ कोण? तोच पोरगा. छापील फोटोत तो डाव्या कोपऱ्यात पडलेला दिसतो. कठड्याशी मात्र तो हाताच्या अंतरावर वाटतो. त्याच्या डोक्यावरून, नाण्यांवरून नजर नेतच येशूपर्यंत पोचावं लागतं. यात्रेकरूला वाचता येत नसेल, पण तो कुणाच्या शेजारी उभा आहे हे त्याला कळत होतं.

वसईकर

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी दोनदा तिथे उभा राहिलोय.

येशूची पावलंही बघा. हात आत आलाय, पण पावलं बाहेरच्या दिशेला वळलीत. तो उत्तरासाठी थांबलेला नाही, निघालाय. पोरगा मत्तय असेल तर त्याच्याकडे फार थोडा वेळ आहे, आणि हे मला पहिल्यांदाच जाणवलं. मी बाजू बदलतो. लूकची मेजवानी त्याने पुढे दिली असेल.

रंगपेटी

कठड्याचा मुद्दा जोरदार आहे. मी रोमला गेलेलो नाही, पुस्तकातल्या सपाट पानावरूनच शिकवत आलो, आणि पानावर पोरगा खरंच कोपऱ्यात पडतो. उद्या वर्गात चित्र कडेने धरून दाखवेन.

पण खरी खिडकी वेदीवर आहे असं तुम्हीच सांगितलंत. मग खरा उजेडही येशूच्याच बाजूने येत असणार, आणि काराव्हाजोने चित्रातला उजेड त्याला जुळवून घेतलाय. तो उजेड टेबलावरून येतो आणि दाढीवाल्याच्या चेहऱ्यावर थांबतो. पोराच्या बाहीवर पडतो, चेहऱ्यावर नाही. पुन्हा जाल तेव्हा पेटीत नाणं टाकू नका. सकाळी लवकर जा, दिवा न लावता बघा आणि कुणाचा चेहरा आधी दिसतो ते इथे कळवा. तोपर्यंत माझा मत्तय दाढीवालाच.