दुकानात "फक्त महिलांसाठी" वर्ग ठेवला तर तो बेकायदा का?

लालबागची_हार्डवेअरवाली
वडिलांच्या मागे दुकान मी बघते. रंग, नळ, खिळे, वायरी. बायका गिऱ्हाईक म्हणून येतात आणि बऱ्याचदा फोन कानाला लावूनच उभ्या असतात, "अहो, अर्धा इंची म्हणालात की पाऊण?" त्यात काउंटरला टेकलेला एखादा प्लंबर हमखास तोंड घालतो, "वहिनी, दादांनाच पाठवा." हे ऐकून ऐकून कान किटले. म्हटलं, महिन्यातल्या एका रविवारी दुपारी शटर अर्धं खाली घेऊन वीस बायकांचा दोन तासांचा वर्ग घ्यावा. नळाचा वॉशर बदलणं, भिंतीला भोक पाडणं, एमसीबी (विजेचा भार वाढला की आपोआप बंद होणारं बटण) का पडतो. पाचशे रुपये, चहा-वडा माझ्याकडून. दारावर पाटी लावली : फक्त महिलांसाठी.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, साठी ओलांडलेले. वर्गाला बसायचं म्हणाले, पाचशेची नोट काढून काउंटरवर ठेवली. मी नाही म्हटलं. रात्री त्यांचा हा एवढा मोठा व्हॉट्सअ‍ॅप आला : घटनेचं कलम १५(२), दुकानात लिंगावरून मज्जाव करता येत नाही, पाटी काढावी. खाली "आपला नम्र". शिव्या दिल्या असत्या तर सोडून दिलं असतं, त्या "नम्र"ने झोप उडवली. सरकार लेडीज स्पेशल चालवतं ते चालतं, मग माझे दोन तास का नाही?

चाळीतला_वकील
ताई, गृहस्थ कलम नीट वाचून आलेत. १५(१) मधली भेदभावाची बंदी राज्याला, म्हणजे सरकारला बांधते. पण १५(२) फक्त राज्यापुरतं नाही. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथे कुठल्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून अडवायचं नाही. म्हणजे ते खासगी मालकालाही लागू. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत यावर चर्चा झाली तेव्हा प्रश्न आला होता की दुकान म्हणजे काय काय, लाँड्री आणि केशकर्तनालय त्यात येतं का. बाबासाहेबांनी अर्थ मुद्दाम ऐसपैस ठेवला. जो सेवा देऊ करतो तो त्यात आला, आणि नुसतं आत येऊ देऊन भागत नाही, अटी मान्य असतील तर सेवाही द्यायची. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशांचा निकाल देताना "दुकान" शब्दाचा हाच रुंद अर्थ घेतला. तुमचं तर अर्थ लावायची गरजच नसलेलं दुकान आहे.

लेडीज स्पेशलचं म्हणाल तर ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली सुटली ती रेल्वेची. १५(३) स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतूद करायची मोकळीक देतं, पण कुणाला? राज्याला. बायकांचं एसटीचं अर्धं तिकीट आणि बेस्टची महिलांसाठीची तेजस्विनी बस त्या छत्रीखाली उभ्या आहेत. त्या छत्रीखाली तुमच्या दुकानाला जागा नाही.

वॉशर_गेलाय
वकीलसाहेब, "केवळ" हा शब्द तुम्ही लिहिलात आणि पुढे निघून गेलात. सगळी मेख तिथेच आहे. ही बाई पुरुषाला तो पुरुष आहे एवढ्यावरून अडवत नाहीये. ज्यांच्या हातात आजवर कुणी पक्कड दिली नाही त्यांच्यासाठी ती वर्ग घेतेय. १९५३ साली मुंबई उच्च न्यायालयाने नगरपालिकेतल्या स्त्रियांच्या राखीव जागा उचलून धरल्या, तेव्हा १५(१) आणि १५(३) एकत्र वाचूनच ना?

चाळीतला_वकील
मुद्दा चांगला आहे, पण तो खटला नगरपालिकेचा. परत राज्यच आलं. आणि तुमचं "ज्यांना येत नाही" हे कारण खरं असेल तर पाटीवर "ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी" लिहा. मला स्वतःला भिंतीत स्क्रू धरून ठेवणारा रॉल प्लग कुठला घ्यायचा कळत नाही. मी येऊ?

८_०७_ची_स्लो
बरं झालं विषय निघाला. आम्ही चार मित्र, चौघेही नोकरीवाले, अंधेरीला एका पबच्या दारातून परत आलो. "स्टॅग एंट्री नाही," म्हणजे सोबत बाई नसलेल्या पुरुषांना प्रवेश नाही. आमच्यामागून दोन मुली आल्या त्यांना फुकटात आत, वर एकेक ड्रिंक. नवरात्रात गरब्याला एकट्या मुलाचा पास वेगळा, कपलचा वेगळा. तिथे बाबासाहेब कुणालाच आठवत नाहीत. कॅलिफोर्नियात म्हणे १९८५ मध्येच एका माणसाने गाडी धुण्याच्या दुकानावर आणि नाइटक्लबवर केस जिंकली, बायकांना स्वस्त दर देतात म्हणून.

मधल्या_डब्यातली
तुम्हाला फुकट ड्रिंक मिळालं नाही याचं दुःख समजलं. पण ते ड्रिंक त्या मुलींवरच्या प्रेमापोटी नसतं हो. त्या आत दिसल्या की तुम्ही बाहेर रांग लावता. आमिष आम्ही, गिऱ्हाईक तुम्ही. लेडीज नाइटला हार्डवेअरच्या वर्गाशेजारी बसवू नका. एक धंद्याची क्लृप्ती, दुसरं शिकवणं.

८_०७_ची_स्लो
हेतू चांगला की दारातला अपमान माफ, हे कलमात कुठे लिहिलंय?

जुनी_गिरगावकरीण
मी आता सत्तरीला आले. वेगळंच काहीतरी सांगते, विषयाबाहेर वाटलं तर सोडून द्या. आमच्या वेळी साड्यांचं एक मोठं दुकान संक्रांतीला गिऱ्हाइकांचं हळदीकुंकू करायचं. वाण म्हणून ब्लाउजपीस. आई त्या दुकानाची वीस वर्षांची गिऱ्हाईक. वडील गेल्यानंतरच्या संक्रांतीला मी तिला ओढत घेऊन गेले. काउंटरवरचा माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकू, सवाष्णींचं आहे." तोही नम्रच होता. आई हसून म्हणाली, "हो हो, मी हिला सोडायला आलेय," आणि फुटपाथवर पिशवी धरून उभी राहिली. मी वाण घेतलं. याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

त्या दुकानालासुद्धा वाटत असणार, आपण बायकांसाठी चांगलंच काहीतरी करतोय. म्हणून "फक्त" हा शब्द पाटीवर दिसला की मी आधी आत कोण आहे ते बघत नाही, बाहेर कोण उभं आहे ते बघते.

वॉशर_गेलाय
काकू, वाचून गलबललं. पण तुमची आई बाहेर राहिली ती आधीच खाली ढकललेली होती म्हणून. लालबागचे गृहस्थ बाहेर राहिले तर त्यांचं काय बिघडतं? उद्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे गेले तर दुकानदार त्यांच्या डोळ्यात बघून बोलेल. आपल्याच मुंबईतलं उदाहरण घ्या. सिनेमातल्या मेकअप आर्टिस्टांची संघटना बायकांना मेकअपचं कार्डच देत नव्हती. केस करा, रंग पुरुष लावतील. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम फेकून दिला. कित्येक बायकांची कमाईची वर्षं त्यात गेली. हे नुकसान आणि रविवारचे दोन तास एकाच तराजूत घालणार?

चाळीतला_वकील
मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांचा हा खटला तुमच्या बाजूने सांगताय, पण तो माझ्या बाजूने बोलतो. व्यवसायाच्या दाराशी लिंग विचारू नका, एवढंच त्यात आहे. त्याआधी २००७ मधला अनुज गर्ग खटला. दारू दिली जाते तिथे पंचवीस वर्षांखालच्या पुरुषाने आणि कुठल्याही वयाच्या बाईने नोकरी करायची नाही, असा पंजाबचा १९१४ चा कायदा दिल्लीत लागू होता. कारण काय, तर बायकांची सुरक्षितता. न्यायालयाने ते कलम उडवलं. "त्यांच्या भल्यासाठी" म्हणत उभी केलेली भिंत पुढे कुणावर पडेल सांगता येत नाही.

तुमचा युक्तिवाद दुसऱ्या देशात टिकला आहे, हेही सांगतो. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या मोना संग्रहालयात फक्त बायकांसाठी एक दालन होतं. तिकीट काढून आलेल्या पुरुषाने तक्रार केली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने पुरुषांना आत घ्या म्हणून आदेश दिला, सप्टेंबरमध्ये टास्मानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. (मधल्या काळात त्यांनी दालनातली चित्रं बायकांच्या स्वच्छतागृहात नेऊन लावली, आणि पुढे कबूल केलं की त्यातले पिकासो खोटे होते!) पण तिथल्या कायद्यातच वंचित गटाला समान संधी मिळावी म्हणून खासगी माणसालाही अपवाद करता येतो. आपल्या १५(२) ला तशी खिडकी नाही.

टेफ्लॉन_टेप
कलम, कलम आणि कलम. प्रत्यक्षात होणार काय? पोलीस येणार का? अस्पृश्यतेसाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, शिक्षा आहे. दुकानदाराने लिंगावरून अडवलं तर तसा फौजदारी कायदा कुठे आहे? शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा झाला नाही. काकांना रिट अर्ज घेऊन फोर्टातल्या उच्च न्यायालयात जावं लागेल. पाचशे रुपयांच्या वर्गासाठी कोण जातंय?

चाळीतला_वकील
खरं आहे. शिक्षा नाही म्हणजे परवानगी आहे असं मात्र समजू नका. २०२३ च्या जानेवारीत कौशल किशोर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाच्या बहुमताने सांगितलंय की काही मूलभूत हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. वारा कुठून वाहतोय ते बघा.

मधल्या_डब्यातली
मग सरळ महिला मंडळाच्या हॉलमध्ये घ्या, सभासदांपुरता. पारशी सोसायटीने सभासदत्व पारशांपुरतं ठेवलं ते २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंच होतं. मंडळ म्हणजे दुकान नव्हे.

८_०७_ची_स्लो
वा. म्हणजे त्याच सोसायट्या उद्या तुम्हाला "एकट्या मुलीला फ्लॅट नाही" म्हणतील तेव्हा बोलू नका.

मधल्या_डब्यातली
आत्ताही म्हणतातच. गेल्या वर्षी सात घरं बघितली. तुमच्यासारखे चार नोकरीवालेही त्याच रांगेत होते, तेव्हा आपण एका बाजूला होतो.

निळी_छत्री
एक छोटा प्रश्न. मी ट्रान्स बाई आहे. पाटीवरच्या "महिला"मध्ये मी येते का, हे दारात कोण ठरवणार? २०१९ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने लोकांसाठी खुली असलेली सेवा मला नाकारता येत नाही. पण मला कलम दाखवून आत यायचं नाहीये. नुसतं यायचंय.

लालबागची_हार्डवेअरवाली
निळी_छत्री, या. तुमचं नाव यादीत घातलं. दारात मीच असेन.

बाकीच्यांना : काल त्या गृहस्थांना फोन केला. कोर्टात शिरस्तेदार होते म्हणे, आता निवृत्त. म्हटलं, काका, या वर्गाला. तर म्हणतात, "वर्ग मला नकोच. नळ मी स्वतः दुरुस्त करतो. पाटी खटकली एवढंच." अर्धा तास बोललो, त्यातली वीस मिनिटं त्यांच्या गॅलरीतल्या गळक्या पाइपावर. एमसील लावून बसलेत, माझ्या मते एल्बोच, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोडच, बदलायला हवा.

पाटी बदलली आहे. आता लिहिलंय : "महिलांना डोळ्यांपुढे ठेवून वर्ग. 'दादांना पाठवा' म्हणणाऱ्याला बाहेर काढलं जाईल." पुरुष आला तर बसेल, पण पहिला हात ड्रिलवर बाईचा.

वॉशर_गेलाय
माघार घेतलीत. मला पटलेलं नाही. एक पुरुष बसला की सगळ्या प्रश्न विचारायच्या थांबतात, हे मी ऑफिसात रोज बघते. बघा तुम्ही, तिसऱ्या रविवारपर्यंत कुणीतरी काका शिकवायला लागलेले असतील.

८_०७_ची_स्लो
बाहेर काढायची अट मस्त. वागण्यावरून काढा, तक्रार नाही. पबवाल्यांनीही हेच करावं.

जुनी_गिरगावकरीण
रविवारी किती वाजता? मुलाने ड्रिल मशीन आणून ठेवलंय आणि ते दोन वर्षं माळ्यावर आहे. काँक्रीटच्या भिंतीला कुठलं बिट लागतं ते आधी सांगा, म्हणजे येताना घेऊन येते.

लालबागची_हार्डवेअरवाली
तीन वाजता. मेसनरी बिट लागेल काकू, आणि मशीनला हॅमर मोड आहे का तेवढं बघून ठेवा. बिट आणू नका, दुकानात आहेत.