'साआ म्बिली' म्हणजे दोन नव्हे, आठ

स्वाहिली या पूर्व आफ्रिकेतील भाषेच्या एका शब्दयादीत 'साआ म्बिली' याचा अर्थ 'दोन वाजता' असा दिला आहे. तो शब्दशः बरोबर असला तरी व्यवहारात चकवणारा आहे. स्वाहिलीत तास मध्यरात्रीपासून नव्हे, तर सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या सुमारापासून, म्हणजे साधारण सहापासून, मोजतात, त्यामुळे 'बासी लिनाओंडोका साआ म्बिली असुबुही' या वाक्याचा अर्थ 'बस सकाळी ८ वाजता सुटते' असा होतो. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर साधारण १२ तासांचाच असल्याने ही मोजणी तिथे सोयीची ठरते. (आपल्या पंचांगातील घटिकाही सूर्योदयापासूनच मोजतात.) आपल्या घड्याळात तासकाट्याच्या बरोबर विरुद्ध बाजूचा आकडा (८ असेल तर २) वाचला की काम भागते. मात्र 'असुबुही', म्हणजे सकाळ, हा शब्द गाळू नये, कारण 'साआ म्बिली उसिकु' म्हणजे रात्रीचे आठ.