'म्हातारा ढगावर खेकसला': ही बातमी की टवाळी?

तिरकस:
'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलीय. मालिका १९८९ पासून चालू आहे, म्हणजे निवृत्तीपर्यंतची सोय झाली. यावेळी मात्र एक गोष्ट खुपतेय, मालिकेतल्या गावातला पेपर, 'स्प्रिंगफील्ड शॉपर'. नावातच खोच आहे. अमेरिकेत 'शॉपर' म्हणजे दारात फुकट टाकून जातात ते जाहिरातींचं चोपडं. २००२ च्या एका भागात एब आजोबांकडे (नायक होमरचे वडील) वाहन परवान्यासाठी फोटो मागतात, तेव्हा ते पेपरचं कात्रण पुढे करतात. मूठ उगारलेले आजोबा आणि वर मथळा: म्हातारा ढगावर खेकसला. मीही खो खो हसलो होतो.

पण पुढे बघा. १९९९ च्या भागात होमर याच पेपरात हॉटेलांची परीक्षणं लिहू लागतो, आणि त्याचं लिखाण सावरून देते त्याची आठ वर्षांची मुलगी लिसा. महापौर क्विम्बी रस्त्यांचे पैसे स्वतःच्या पोहण्याच्या तलावात घालतो. ते बाहेर कोण काढतं? 'मिस्टर एक्स' नावाने वेबसाइट चालवणारा होमर. पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिकही त्यालाच! शॉपरवाले तेव्हा काय कूपनं छापत होते? छोटा पेपर म्हणजे बावळट, हे इतकी वर्षं आपल्या डोक्यात भरवलं. मग खरे पेपर पटापट बंद पडले तेव्हा कोणाला सुतक नव्हतं.

उपसंपादक (निवृत्त):
साफ असहमत. मी २२ वर्षं जिल्हा पान लावलंय. 'विहिरीत पडलेल्या बैलाला जीवदान' ही बातमी ज्या दिवशी लागायची, त्या दिवशी त्या गावात दुपारपर्यंत अंक शिल्लक नसायचा. मुंबईची मंडळी फिदीफिदी हसायची, हसू देत. त्या आजोबांकडे नीट बघा ना. पोरगा विचारत नाही, वृद्धाश्रमात टाकलेलं, आणि ओळख म्हणून जपून ठेवलंय ते पेपरचं कात्रण. त्यांच्या खेकसण्याची दखल अख्ख्या गावात एकानेच घेतली. ही टवाळी असेल तर फार मायेची आहे.

खारी_बिस्कीट:
तिरकसराव, मिस्टर एक्सची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. होमरची ओळख उघडी पडल्यावर त्याच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही, मग तो सरळ बातम्या रचायला लागतो. हा भाग २००० चा आहे, पुढे नेटवर काय माजलं ते आपण बघतोच आहोत. आणि २००४ चा तो भाग विसरलात? गावातले धनाढ्य बर्न्सशेठ सगळी माध्यमं विकत घेतात आणि लिसा एकटी स्वतःचा पेपर काढून झुंजते. वेडीवाकडी छपाई, पण मालिकेचा जीव त्या पोरीतच आहे. पेपर या वस्तूची कुचेष्टा तिथे मला तरी कुठे दिसली नाही.

तिरकस:
लिसा झुंजते, कबूल. पण शॉपर नाही झुंजत, माझं तेच म्हणणं आहे! काका, दखल घेणं आणि राखण करणं यात फरक आहे. लॉस एंजेलिसजवळचं बेल हे गाव घ्या. वस्ती ३५ हजारांच्या आसपास. तिथला शहर व्यवस्थापक वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार उचलत होता. २०१० साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने ते बाहेर काढलं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तोवर नगर परिषदेच्या सभेला वही घेऊन नेमाने बसणारं कोणी नव्हतं. ढगाची बातमी देऊन पोट भरलं की तलावाची बातमी राहतेच.

आयोवावाली:
तलावाची बातमीसुद्धा छोटा पेपर देतो हो. आमच्या आयोवा राज्यात, अमेरिकेतच, स्टॉर्म लेक नावाचं गाव आहे. तिथला 'स्टॉर्म लेक टाइम्स' आठवड्यातून दोनदा निघायचा, खप ३ हजारांच्या आसपास. संपादक आर्ट कलन, भाऊ प्रकाशक, म्हणजे घरचाच कारभार. नद्यांच्या पाण्यात शेतातलं नायट्रेट उतरतं म्हणून काउंट्यांवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांवर, खटला चालला होता. त्यात काउंट्यांच्या वकिलांचे पैसे गुपचूप कोण भरतंय, हे या लोकांनी लावून धरलं. समोर बड्या शेती कंपन्या. २०१७ चं अग्रलेखांचं पुलित्झर त्यांना मिळालं. त्याच अंकांत गावातल्या बारीकसारीक खबरीही असायच्या. लोक पेपर विकत घेतात ते त्या खबरींसाठी. अग्रलेख त्यांच्या जिवावर निघतो.

तिरकस:
हे उदाहरण मला माहीत नव्हतं. पण ते अपवाद म्हणून बक्षीस मिळालं ना? गेल्या दोन दशकांत अमेरिकेतले एक तृतीयांशाहून जास्त पेपर बंद पडलेत.

खारी_बिस्कीट:
ते काय कार्टूनमुळे? छोट्या जाहिराती फुकट नेटवर गेल्या, पेपर गुंतवणूक फंडांनी घेऊन माणसं कमी केली. उगाच एब आजोबांवर बिल फाडू नका.

उपसंपादक (निवृत्त):
एक सांगतो आणि झोपतो. एकदा एका गावात पहिल्यांदा नळाला पाणी आलं. फोटो लावला, हंडा धरलेले एक आजोबा, खाली नाव. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत हजर. नाव चुकलं होतं. मी माफी मागायला उठलो, तर म्हणाले, "राहू द्या साहेब, पाच अंक द्या."

तिरकस:
काका, गहिवरलो. पण नाव चुकलंच कसं, ते आधी सांगा.