वनौषधी आणि डॉक्टरांच्या गोळ्या यांत दोन तासांचे अंतर पुरेसे असते का?

प्रश्न:
माझ्या वडिलांना हृदयविकारासाठी डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी सुरू आहे. बद्धकोष्ठतेसाठी ते इसबगोल घेतात आणि खोकल्यासाठी अलीकडे ज्येष्ठमधाचे चूर्ण रोज घेऊ लागले आहेत. दोन तासांचे अंतर ठेवले की चिंता उरत नाही, असे ते म्हणतात. हे खरे आहे का?

प्रतिसाद १:
इसबगोलापुरते बहुतांशी खरे आहे. ते पाणी शोषून आतड्यात फुगते आणि त्यात गोळीतील औषध अडकून रक्तात कमी उतरू शकते, म्हणून तेथे अंतराचा उपयोग होतो. ज्येष्ठमधाचे तसे नाही. त्यातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातील एका विकराला (एन्झाइमला) अडवते. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक तेथे मीठ व पाणी धरून ठेवू लागते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर जाते. फ्युरोसेमाइडनेही पोटॅशियम घटतेच, आणि ते घटले की डिगॉक्सिनची नेहमीचीच मात्रा हृदयाला विषारी ठरू शकते. हा परिणाम रोजच्या सेवनाने साचत जातो, त्यामुळे चूर्ण सकाळी घेतले काय नि रात्री घेतले काय, धोका तोच राहतो. कृपया चूर्ण आजच थांबवा, डॉक्टरांना कळवून पोटॅशियमची तपासणी करून घ्या, मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मळमळ, पिवळसर किंवा अंधुक दिसणे, ठोके अनियमित होणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्वरित रुग्णालय गाठा.

प्रतिसाद २:
नैराश्यासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती ज्येष्ठमधाच्या उलट वागते. ती औषधे शरीराबाहेर टाकणारी यंत्रणा वाढवते. त्यामुळे डिगॉक्सिन, रक्त गोठू न देणारे वॉरफरिन, गर्भनिरोधक गोळ्या आणि अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांची रक्तातील पातळी घसरते. ती बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे टिकतो, म्हणून ती थांबवतानाही डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण त्या काळात ठरवलेली मात्रा पुढे जास्त ठरू शकते.

प्रश्नकर्ती:
चूर्ण थांबवले आहे आणि उद्या रक्त तपासणार आहोत. तोवर खोकल्याचे एखादे आयुर्वेदिक सिरप चालेल का?

प्रतिसाद १:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा अनेक सिरपांत ज्येष्ठमध असतेच आणि वेष्टनावर ते यष्टिमधु किंवा मुलेठी या नावाने छापलेले असते. शिवाय हृदय कमकुवत असताना फुप्फुसांत पाणी साचूनही खोकला येतो, त्यामुळे उद्या खोकल्याचाही उल्लेख अवश्य करा.