शेवटच्या नंबरच्या टीम एफ-वनमध्ये (फॉर्म्युला वन कार रेसिंगमध्ये) हव्यातच कशाला?

घोडबंदरकर: काल रेस बघताना बाबा म्हणाले, हे मागचे दोघं काय निळा झेंडा (मागच्या वेगवान गाडीला वाट द्या) दिसला की बाजूला व्हायलाच येतात का? हसलो, पण खरंच, अशांना जागा द्यावी का?

ऐरोलीचा_भाऊ: मिनार्डी ही छोटी टीम विसरलास? १९८५ ते २००५, एकदाही पोडियम (पहिल्या तिनात नंबर) नाही, पण २००१ला पुढे वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या अलोन्सोने सुरुवात तिथूनच केली ना.

कळवा_नाका: ते ठीक, पण एचआरटी टीम? तीन सीझन, पॉइंट शून्य, २०१२ला मेलबर्नला तर १०७ टक्क्यांच्या नियमात (क्वालिफायिंगच्या पहिल्या फेरीत सर्वात वेगवान लॅपच्या १०७ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ लागला की रेस नाही) दोन्ही गाड्या बाहेर, रेसलाच नाहीत. लाज काढली राव.

ऐरोलीचा_भाऊ: अरे पण २०११ला भारतातल्या रेसला, बुद्ध सर्किटवर, आपला नारायण कार्तिकेयन त्याच एचआरटीत होता!

घोडबंदरकर: हो रे, १७वा आला तरी बाबांनी सोसायटीत पेढे वाटले होते, आता विचारतो त्यांना 😄