अंगणातील तळे आणि धबधबा : दुरुस्तीचे अनुभव

नौपाडा, ठाणे (धागा सुरू करताना)

आमच्या जुन्या घराच्या मागील अंगणात सासऱ्यांनी १९९४ मध्ये बांधून घेतलेले सिमेंटचे तळे आहे. लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, खोली जेमतेम २ फूट, आणि एका टोकाला काळ्या दगडांची रास रचून तिच्यावरून पाणी खाली पडेल अशी व्यवस्था आहे. तलावांच्या शहरात आपल्या दारीही थोडे पाणी असावे, एवढीच त्यांची इच्छा होती. दिवाळीपासून मात्र पाण्याची पातळी रोज सुमारे ७ सेंटिमीटर उतरते, म्हणजे दिवसाला ४०० लिटरहून अधिक पाणी जाते. नळाचे पाणी असे जमिनीत जिरू देणे मनाला पटत नाही. ठेकेदार म्हणतात की सगळे फोडून नव्याने बांधावे लागेल. पावसाला अजून पाच आठवडे आहेत. ज्यांनी आपल्या तळ्याची किंवा धबधब्याची दुरुस्ती केली आहे, त्यांनी काय साधले आणि काय चुकले ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोलशेत, ठाणे

ताई, एक वीटही फोडण्याआधी पाणी नेमके कोठून जाते ते शोधा. मी ते शोधले नाही आणि तळाला दोन वेळा वॉटरप्रूफिंग करून घेतले; गळती तशीच राहिली.

पद्धत साधी आहे. तळ्याच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, तिच्यात आणि तळ्याच्या भिंतीवर पातळीची खूण करा. एक दिवस पंप चालू ठेवून आणि एक दिवस बंद ठेवून दोन्ही खुणा पाहा. बादलीतील घट ही केवळ बाष्पीभवनाची असते. मे महिन्यातही ती दिवसाला एका सेंटिमीटरच्या आतबाहेर असते. पंप चालू असतानाच पातळी झपाट्याने उतरत असेल, तर दोष धबधब्यात किंवा त्याच्या पाइपात आहे. पंप बंद असतानाही उतरत राहिली, तर ती कोठे थांबते याची वाट पाहा, कारण भेग त्याच उंचीवर असते. माझ्याकडे पंप चालू असताना एका रात्रीत ६ सेंटिमीटर आणि बंद असताना जवळजवळ काहीच नाही, असे उत्तर आले.

धबधबा उकलल्यावर कारण समोर आले. दगडांच्या सांध्यात पिंपळाचे रोप रुजले होते, त्याच्या मुळांनी गिलावा फुटला होता आणि पाणी दगडांच्या पुढून पडण्याऐवजी मागून जमिनीत उतरत होते. काठावरचे शेवाळे आणि माती हेही एक कारण होते. दिव्याची वात जसे तेल ओढते, तसे ते पाणी ओढून काठाबाहेर नेत होते.

पुनर्बांधणी करताना सर्व दगडांची छायाचित्रे काढली, प्रत्येकावर खडूने क्रमांक घातला आणि मगच ते हलवले. खालच्या मुरमाच्या उतारावर जाड कापडी थर आणि त्यावर १ मिलिमीटर जाडीचे ईपीडीएम रबराचे अस्तर अंथरले. त्याचे वरचे टोक दगडांच्या मागे उंच उचलून घेतले आणि खालचे टोक तळ्याच्या आत सोडले. माझ्या मते हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे : सांध्यातला माल कधी ना कधी तडकणारच, पण खाली अस्तर असले की चुकलेले पाणीही तळ्यातच परत येते.

पंपाबाबत खोक्यावरील आकड्यावर विसंबू नका. तो आकडा पाणी उंच चढवायचे नसतानाचा असतो. माझा ताशी ५००० लिटरचा पंप दीड मीटर उंचीवर निम्मेच पाणी देत होता. पडदा सलग पडायचा असेल, तर काठाच्या प्रत्येक सेंटिमीटर रुंदीला ताशी सुमारे १५० लिटर पाणी लागते. ३० सेंटिमीटरच्या काठाला ताशी ४५०० लिटर. धबधब्याच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरा. ती १६ सेकंदांत भरली, तर तेवढे पाणी येते असे समजा.

वाशी, नवी मुंबई

वरील सल्ला योग्य आहे, पण आमच्याकडील जमीन वेगळी आहे. वाशीचा बराचसा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवलेला आहे आणि पावसाळ्यात खणले की थोड्याच खोलीवर पाणी लागते. हे ठाऊक असूनही मी दुरुस्तीसाठी जुलैमध्ये तळे रिकामे केले. रात्रभर मुसळधार पाऊस पडला आणि सकाळी तळ्यातील रबरी अस्तर मधोमध फुगून कंबरेएवढे वर आलेले दिसले. आतील पाण्याचे वजन गेल्यामुळे जमिनीतील पाण्याने ते खालून उचलले होते. काठाचे दगड घसरले, दोन ठिकाणी अस्तर फाटले आणि सगळे काम पुन्हा मुळापासून करावे लागले. सिमेंटच्या टाकीलाही हा धोका असतोच. तिचा तळ खालून तडकतो.

दुसऱ्या वेळी अस्तराखाली खडीचा थर दिला, त्यात भोके पाडलेला पाइप टाकला आणि तो बाजूच्या लहान खड्ड्यात उतरवला. पावसाळ्यात त्या खड्ड्यातील पाणी उपसून काढतो. छपराचे पाणीही पूर्वी तळ्यातच पडत असे. ४० चौरस मीटर छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २००० लिटर पाणी येते आणि त्याबरोबर मासे वाहून जातात. आता ते पाणी वेगळे काढले आहे आणि तळ्याला जाळी लावलेला ७५ मिलिमीटरचा सांडवा पाइप दिला आहे. खाडीकाठच्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे की जून ते ऑक्टोबर तळे रिकामे करू नये.

नेरूळ, नवी मुंबई

एवढेच लिहितो. तळ्यात हात घालण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करणे पुरेसे नसते, प्लग काढावा. त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे वीजगळती-संरक्षक यंत्र (आरसीसीबी) बसवून घ्यावे आणि वायरचा जोड पाण्यात कधीही नसावा. आमच्या माळीदादांना झटका बसला तेव्हा त्या यंत्रानेच वीज तोडली. ते सुखरूप आहेत.

बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज

चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या वसाहतीत घरे सामायिक अंगणांभोवती आहेत, त्यामुळे आमचे लहानसे तळे शेजारच्या सगळ्या मुलांचे आहे. गवंड्याने नवा गिलावा केला, कोपऱ्यांत वाटा मारून (कोपरे गोलसर करून) दिला, काम सुबक झाले. आठ दिवसांनी आम्ही पाणी भरून मासे सोडले आणि तीन दिवसांत सर्व मासे मेले. मुलांना ते कसे सांगावे हे मला कळत नव्हते.

ताज्या सिमेंटमधील चुना पाण्यात उतरतो आणि पाण्याचा सामू (पीएच) फार वाढतो, हे नंतर समजले. आमच्याकडे तो ११ च्या आसपास होता. त्यानंतर तळे भरायचे, चार दिवस ठेवायचे, घासून रिकामे करायचे, असे पाच वेळा केले, तेव्हा सामू ८ वर स्थिरावला. नळाच्या पाण्यातील क्लोरीनचाही विचार करावा. आम्ही पाणी पिंपात दोन दिवस उघडे ठेवून मगच घालतो. शिवाय माशांच्या विष्ठेतील अमोनिया पचवणारे जीवाणू गाळणीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला दोन-चार गप्पीच सोडावेत. हे जीवाणू टिकावेत म्हणून दुरुस्तीच्या काळात जुनी गाळणी नळाखाली धुऊ नये. माशांच्या पिंपातच चालू ठेवावी.

वसंत विहार, ठाणे

दुरुस्ती रेंगाळली की तळाशी वीतभर पाणी साचून राहते आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्याकडे पालिकेच्या तपासनीस ताईंनी अळ्या दाखवल्या, तेव्हा फार अपराधी वाटले. आता काम अडले की साठलेल्या पाण्यात गप्पी सोडतो किंवा ते आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडे करतो. धबधब्याच्या पायथ्याशी वेखंड आणि वाळा लावला आहे. चतुर येतात आणि त्यांची पिल्ले पाण्यातच डासांच्या अळ्या खातात. जलपर्णी मात्र कोणी कितीही आग्रहाने दिली तरी घेऊ नये. नको असलेले मासे उपवन किंवा मासुंदा तलावात सोडू नयेत, विशेषतः सकर (काचेला चिकटणारा शोभेचा मासा).

नौपाडा, ठाणे (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. बादलीची परीक्षा केली. पंप बंद ठेवल्यावर पाणी तीन दिवस उतरत राहिले आणि काठापासून ११ सेंटिमीटर खाली थांबले. धबधब्याकडे जाणारा जुना पाइप भिंतीतून नेमका तेथेच बाहेर पडतो. तेवढाच भाग खोदला, तर पाइपाभोवतीचा माल भुगा झालेला होता. पंप चालू असताना घट याहून अधिक होती, म्हणून दगडही उतरवले. क्रमांक घातले तेव्हा ते ४३ भरले. खाली रबरी अस्तर आले आहे आणि पाइपाचा सांधा नव्याने भरला आहे. तळ फोडावा लागला नाही.

मासे ओसरीवरच्या पिंपात जुन्या गाळणीसह आहेत. तळ्याचे तिसरे पाणी झाले, सामू आज सकाळी ९ आला. उद्या पुन्हा रिकामे करून घासणार आहोत.